चुलीपर्यंत पोचलं का?

आमच्या घरची कुकरची शिट्टी बहुतेक वेळ कॉलेजातच असायची.

हे, म्हणजे माझे यजमान, तिथे फिजिक्स शिकवत. सकाळी डबा हातात दिला की स्वयंपाकघरात एकदा नजर फिरवत आणि त्या दिवशीच्या धड्याला जे लागेल ते पिशवीत टाकून निघत. कधी शिट्टी, कधी चाळणी, कधी लाटणं. एकदा तर परातीत पीठ भिजवलेलं असताना तवाच घेऊन गेले. मी शेजारी तवा मागायला गेले, तर शेजारीण आतूनच ओरडली, "आज काय नेलं वं तुह्या मास्तरनं?" अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं. कुठे तोंड लपवू असं झालं मला.

लाज माझ्या स्वभावातच आहे. आणि लग्न झालं ते अशा माणसाशी, ज्याला लाज कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं.

आमच्याकडची थंडी हाडात शिरणारी. त्या दिवसांत हे स्वेटर उलटा घालत. बटणं पाठीवर. म्हणत, "चालताना वारा येते छातीवर, अन् शिवणाऱ्यानं फटी ठेवल्या छातीवरच. कोन्या अक्कलवाल्यानं शिवला हा?" पाठीवरची बटणं स्वतःची स्वतःला लावता येत नाहीत. घरातून निघताना मी लावून देई. मी न्हाणीत असले तर तसेच निघत आणि वर्गाच्या दारात पाठ करून उभे राहत. मग पोरं लावून देत. वरचं एकानं, खालचं दुसऱ्यानं.

सायकल होती, पण तिच्यावर बसलेलं मी त्यांना क्वचितच पाहिलं. हातात धरून चालत. कुणी विचारलं तर सांगत, "सायकलवर बसलं का सायकल पुढं जाते अन् विचार मागं राह्यते." पानठेल्यावरची मंडळी म्हणत, "मास्तर सायकल चारायला घेऊन चालले." हे ऐकत, हसत आणि म्हणत, "हो, इकडं चांगलं गवत नाई ना बापा."

पुडीचा कागद वाचल्याशिवाय चुलीत घालू देत नसत. मीठ-मिरचीच्या पुडीवर अर्धी बातमी असायची. ती मी मोठ्यानं वाचायची आणि उरलेली अर्धी काय असेल ते ओळखायचं. मी ओळखत नसे, गप्प बसे. पण वाचायची सवय लागली ती तशी. आज हे चार शब्द मला लिहिता येतात, ते त्या पुड्यांमुळे. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. आमचं गाव भीमपूरकडे, नदीच्या अंगाला. शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीला पलीकडच्या गावी जावं लागे, आणि मुलींना कोण पाठवतं?

मला पाहायला आले तेव्हा यांनी एकच प्रश्न विचारला होता. "आभाय निळं काऊन दिसते?" मी पोह्यांची ताटली धरून खाली मान घालून उभी. माझा मामा घाईघाईनं म्हणाला, "पोरीले सगळं समजते हो, लाजते जराशी."

हे म्हणाले, "समजत असंल तर मग काय कामाची? मले न समजनारी पाह्यजे."

आमच्याकडच्या लोकांना तो अपमान वाटला. लग्न मोडायची पाळी आली होती. या माणसाला खरंच तसलीच बायको हवी होती, आणि ती कशासाठी, हे मला पुढे कळलं.

यांचं एक ठाम मत होतं. पुस्तकातली गोष्ट चुलीपर्यंत पोचली तरच ती खरी समजली. नाहीतर ती नुसती पाठ झाली. वर्गात कुणी धडाधड उत्तर दिलं की हे विचारत, "चुलीपर्यंत पोचलं का?" आणि त्याला संध्याकाळी घरी बोलावत. अंगणात पाट मांडलेला असे. पोरानं पाटावर बसायचं, आणि आत चुलीपाशी बसलेल्या मला तो धडा समजावून सांगायचा. मधे दाराचा पडदा. हे दाराच्या चौकटीला टेकून, डोळे मिटून उभे. येणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगत, "आमच्या घरी चौथी पास हायेत. त्यायले समजलं तर कोनालेबी समजंल." मोठ्या अभिमानानं सांगत. मला वाटे, चुलीतली राख होऊन जावं.

मी अठरा-एकोणीस वर्षांची होते. पाटावर बसणारी पोरं माझ्याच वयाची. ती मला काकू म्हणत.

कुणी प्रकाशाचं सांगे, कुणी विजेचं, कुणी वाफेचं. मला त्यातलं थोडं कळे, बरंचसं कळत नसे. पण 'नाही समजलं' असं परक्या पोराला पडद्यामागून सांगायचं म्हणजे आधी आवाज काढायचा. मग तो विचारणार, काय नाही समजलं? मग मला बोलावं लागणार. त्यापेक्षा सोपा रस्ता होता. तो थांबला की मी म्हणायची, "समजलं."

आमचा मुलूख मराठी-तेलुगूच्या सरहद्दीवरचा. एकदा उटनूरकडचा एक पोरगा आला. त्याला मराठी येईना. त्यानं सगळा धडा तेलुगूत सांगितला. मला तेव्हा तेलुगूतलं मीठ आणि दूध याशिवाय काही येत नव्हतं. शेवटी त्यानं घाम पुसत विचारलं, "अर्थमैंदा, आंटी?" त्याच्या सुरावरून कळलं की आता आपली पाळी. मी म्हणाले, "समजलं." अंगणात कुणीतरी फुस्सकन हसलं. हे डोळे न उघडता म्हणाले, "नाई समजलं. उद्या परत ये."

हेच मला उलगडत नसे. मी समजलं म्हटलं तरी हे कधी म्हणत "पास", कधी म्हणत "परत ये". मी नाही समजलं असं एकदाही म्हटलं नाही, पण ज्याचं खरंच समजलं नव्हतं तोच नेमका परत पाठवला जाई. मला वाटे, यांना माझ्या आवाजावरून कळत असावं. म्हणून मी आवाज पक्का करायला शिकले. खणखणीत म्हणे, "समजलं!" तरी हे म्हणत, "परत ये."

त्या वर्षांतच ती मुलगी आली.

नार्नूरच्या पलीकडच्या खेड्यातली, ज्वारी-कापसाच्या घरची. इथे मावशीकडे राहून शिकत होती. वर्गात सगळ्यांच्या पुढे. मुलगी म्हणून तिला पाटावर बसवायचं नाही, आत घ्यायचं, असं मीच म्हटलं असतं, पण माझ्याआधी तीच पडदा सारून आत आली आणि जात्याजवळ बसली. मला काकू न म्हणता वहिनी म्हणाली. माझ्याहून वर्षभरानं लहान असेल. तिच्या छातीशी पुस्तक होतं आणि माझ्या मांडीवर मुलगा. तिच्याकडे बघायची मला जास्तच लाज वाटली.

तिच्या वाट्याला चंद्राचा धडा आला होता. चंद्र स्वतःभोवती फिरतो, पृथ्वीभोवतीही फिरतो. दोन्ही फेऱ्या एकाच वेळात पुऱ्या होतात, म्हणून आपल्याला त्याची एकच बाजू दिसते. पाठ कधी दिसत नाही. तिनं दोन लिंबं घेऊन दाखवलं. छान सांगत होती, पण भरभर. माझ्या डोक्यात एकच गोष्ट अडकली. जो फिरतो त्याची पाठ दिसायला पाहिजे. भिंगरी फिरते, तिच्या सगळ्या बाजू दिसतात. मग हा फिरतो तर पाठ का दिसत नाही? प्रश्न अगदी ओठावर होता. तिनं वर पाहिलं. मी म्हणाले, "समजलं."

"परत ये," हे चौकटीतून म्हणाले.

ती परत आली. पुन्हा तेच सांगितलं, तसंच, फक्त हळू. परत ये. तिसऱ्यांदा आली तेव्हा लिंबांऐवजी पिठाचे गोळे केले. परत ये. नंतर एका संध्याकाळी मी मागे भांडी घासत होते, तिथे ती आली आणि रडायला लागली. "वहिनी, एक डाव नीट समजलं म्हना ना. माह्या बाबाले वाटून राह्यलं का मी इथं नापास होऊन राह्यली. मले न्यायले येनार हायेत."

मी राखेचे हात तसेच धरून म्हणाले, "म्हणते. नीट म्हणते."

त्या दिवशी मी इतक्या मोठ्यानं समजलं म्हणाले की मांडीवरचं पोर दचकलं. यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग तिला म्हणाले, "पोरी, तू हुशार हायस. तुह्या बाबाले मी सांगतो. पन तुहं अजून चुलीपर्यंत नाई पोचलं."

यांनी खरंच तिच्या गावी जाऊन तिच्या वडिलांची समजूत काढली. सायकल हातात धरून गेले होते, स्वेटर उलटा. वडिलांना आधी वाटलं, कुणी वेडा आला. पण मुलगी राहिली, पुढे हैदराबादला गेली. जाताना यांच्या पाया पडायला वाकली तर हे मागे सरले. म्हणाले, "जा. पन चंद्राचं राह्यलं तुहं."

"येईन सर, सांगाले," ती म्हणाली.

यंदा ती विद्यापीठाची कुलगुरू झाली.

कॉलेजच्या जुन्या मुलांनी तिच्या स्वागताचा कार्यक्रम ठरवला. त्यांच्यातला एक आता मोठा गुत्तेदार आहे, रस्त्यांची कामं घेतो. त्याचा फोन माझ्या मुलाला मंचेरियलला गेला आणि मुलानं मला न विचारता हो म्हणून टाकलं. मग गुत्तेदार स्वतः घरी आला. "काकू, तुमाले स्टेजवर बसा लागते. सर नाई, तर सरच्या जागी तुमी."

"मला बोलायला लावू नका," मी म्हणाले.

"बोलायचं काई नाई. एकच शब्द," तो म्हणाला आणि हसला. तेव्हा मला त्या हसण्याचं काही वाटलं नाही.

माझी भीती वेगळीच होती. ती मुलगी भेटणार. एवढी मोठी झालेली बाई मला विचारेल, वहिनी, तेव्हा तुम्हाला खरंच समजलं होतं का? मी काय सांगणार? कार्यक्रमाच्या सकाळपर्यंत मुलाला म्हणत होते, माझं डोकं दुखतंय. तो म्हणाला, "आई, बाबा असते तर?" मग मी साडी नेसले.

यांची शेवटची आठवणही मला तेव्हाच यायची होती. यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. दवाखान्यात डॉक्टरांनी काय काय सांगितलं ते यांनी घरी येऊन मला सांगितलं. खाटेवर बसून, चहाची गाळणी हातात घेऊन. ही जाळी कुठे फाटली, कुठे बुजली, आता चोथाही खाली उतरतो आणि चांगलंही वरच राहतं, असं. स्वतःच्या शरीराचा धडा घेतल्यासारखे सांगत होते. शेवटी म्हणाले, "समजलं?"

मी म्हणाले, "समजलं."

यांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि हसले. "नाई समजलं तुले. जाऊ दे. मलेबी नाई समजलं, नुसतं पाठ झालं."

मग म्हणाले, "तू एक डाव तरी नाई म्हनली असती वं."

मी गाळणी त्यांच्या हातातून घेतली आणि चहा करायला गेले.

फंक्शन हॉल भरलेला होता. दारात मोठा फ्लेक्स, त्यावर तिचा फोटो, आणि खाली कोपऱ्यात यांचा. फोटोत स्वेटर होता, पुढे बटणं दिसत नव्हती. म्हणजे उलटाच. मला बरं वाटलं.

ती आली तेव्हा सगळे उठले. केस पिकलेले, डोळ्यांना चष्मा, हातमागाची साधी साडी. हार, पुष्पगुच्छ, फोटो, सगळं आटपून ती सरळ माझ्याकडे आली. "वहिनी," एवढंच म्हणाली आणि माझा हात धरला. मी मान खाली घातली.

मग जुनी मुलं एकेक करून उठली. सगळे आता आजोबा व्हायला आलेले, पण माईक हातात आला की पोरं होत होते. एकानं पाठमोरं उभं राहून सरांचा स्वेटर करून दाखवला. एकानं खुर्ची सायकलसारखी हातात धरून स्टेजभर फिरवली आणि म्हणाला, "आमच्या गावात अजून म्हणतात, काय रे, सायकल चारून राह्यला काय?" मी पदराआड हसत होते. शेजारी माझा मुलगा मोठ्यानं हसत होता. इतक्या वर्षांनी यांची कुणी इतकी आठवण काढतंय, हे पाहून जीव भरून आला होता.

शेवटी गुत्तेदार उठला. त्यानं पुष्पगुच्छाबरोबरचा दुपट्टा काढून डोक्यावर घेतला, घुंगटासारखा. स्टेजच्या मध्ये उकिडवा बसला. हॉलमध्ये आधीच हशा सुरू झाला, काय येणार ते जणू सगळ्यांना माहीत होतं. त्यानं दुपट्ट्याचं टोक डाव्या हाताच्या बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. एक वेढा, दुसरा वेढा, तिसरा, बोट पांढरं होईपर्यंत. आणि बारीक आवाजात म्हणाला, "समजलं!"

हॉल हशानं फुटला. मागच्या रांगेतली माणसंसुद्धा बोटाला रुमाल गुंडाळत होती. पुढच्या रांगेतली एक बाई साडीचा पदर गुंडाळत होती. गुत्तेदार हसत सांगू लागला, "वीसी मॅडम, तुमाले याद हाय का? आपल्या कॉलेजात म्हनच होती, काकूवानी समजलं! मंजे? मंजे डोक्याच्या वरून गेलं! पडद्याखालून काकूचा हात दिसे. पदर गुंडायला का आपुन समजायचं, गेले आज, उद्या परत!"

मी माझ्या हाताकडे पाहिलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळलेलं होतं. बोट पांढरं झालं होतं.

पडदा जमिनीपर्यंत पोचत नव्हता. एवढी साधी गोष्ट. मी आवाज पक्का करत बसले आणि ते सगळे खाली हाताकडे पाहत होते. यांना माहीत होतं, म्हणजे ते डोळे कधी पुरते मिटलेले नसतच; पोरांना माहीत होतं, त्या उटनूरच्या पोरालाही माहीत होतं. मी बाजूला मुलाकडे पाहिलं. त्याचं हसू मावळलं होतं, पण उशिरा. त्यालाही माहीत होतं.

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. हे मला तेव्हाही कळत होतं. प्रेमानं हसत होते. पण प्रेमानं हसलं तरी लाज तेवढीच वाटते. उठून जावं तर सगळ्यांसमोरून जावं लागणार. म्हणून बसून राहिले.

तेवढ्यात दोघांनी स्टेजवर एक पाट आणून मांडला. त्याच्यासमोर एक नवीकोरी मातीची चूल, बाजारातून आणलेली, कधी न पेटलेली. गुत्तेदारानं मला शाल पांघरली, हातात नारळ दिला आणि हाताला धरून चुलीपाशी बसवलं. नको म्हणायलाही बोलावं लागलं असतं. "आता मॅडम," तो म्हणाला, "सरचा रिवाज हाय. तुमचा शेवटचा धडा तुमी काकूले सांगा, काकू समजलं म्हनतील, मंग जेवन!"

ती उठली नाही. "असं नको," म्हणाली. हॉलनं टाळ्या धरल्या. ती तरी बसून राहिली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं, मी एकटी त्या चुलीपाशी बसले आहे हे पाहूनच ती उठली. चपला काढल्या, हार काढून ठेवला आणि पाटावर न बसता माझ्याजवळ खाली बसली.

"सरांकडे माझं चंद्राचं राह्यलं होतं," ती माईकवर म्हणाली. "मी येईन म्हणाले होते, आले नाही. कामं होती, असं सगळेच म्हणतात. खरं म्हणजे इतकी वर्षं शिकवूनही मला भीती वाटत होती, की सर पुन्हा म्हणतील, परत ये." मग तिनं माईक बाजूला ठेवला आणि मलाच सांगू लागली. तेच. चंद्र स्वतःभोवती फिरतो, पृथ्वीभोवतीही फिरतो. हळू सांगत होती. सांगून झालं आणि तिनं विचारलं, "समजलं, वहिनी?"

माझा हात पदराकडे निघाला. पण दोन्ही हातांत नारळ होता, आणि वरून शाल. पदर हाती येईना.

गुत्तेदारानं पटकन माईक उचलला आणि हॉलकडे धरला. सगळा हॉल एका सुरात ओरडला, "समजलं!"

त्याच क्षणी मी म्हणाले, "नाही."

टाळ्या पडत होत्या. कुणाला ऐकू गेलं नाही. फक्त तिला गेलं. ती आणखी जवळ सरकली. "काय म्हणालात?"

"तो फिरतो," मी म्हणाले, "तर पाठ काऊन नाई दिसत?"

तिनं चष्मा काढला. तिकडे गुत्तेदार जेवणाची घोषणा करत होता, खुर्च्या सरकत होत्या. ती अगदी हळू, गावाकडच्या बोलीत म्हणाली, "वहिनी, हे तवा काऊन नाई सांगतलं? इथंच अडलं हे मले मालूमच नाई पडलं. मी दरवेळी तेच सांगत बसली."

मी हातातला नारळ चुलीवर ठेवला.

"रविवारी घरी येते," ती म्हणाली.

परतताना गाडीत मी मुलाला विचारलं, "तुलाही माहीत होतं, बोटाचं?"

"आई, सगळ्यायलेच मालूम होतं," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "बाबा म्हणत, कोणी तिले सांगू नका. सांगतलं तर ती हातबी लपवंल, मंग मले काईच कळनार नाई."

मी गाडीची काच खाली केली. दुतर्फा कापूस फुटला होता.

रविवारी ती आली. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी करून चालत आली. शेजारीण दारात येऊन उभी राहिली, पण ओरडली नाही. मी बैठकीत खुर्ची पुसून ठेवली होती. ती सरळ स्वयंपाकघरात गेली. आता तिथे गॅस आहे. जातं मात्र त्याच कोपऱ्यात आहे, त्यावर मी डबे ठेवते. तिनं डबे उचलले आणि मला विचारून जातं ओढत मध्ये आणलं.

"हे जातं म्हणजे पृथ्वी. तुमी चंद्र. तोंड जात्याकडं ठेवून फेरा मारा."

"मी?"

"मंग कोन? पडदा तर काढला तुमी."

माझे गुडघे दुखतात. तरी पदर खोचून एक फेरा मारला. तोंड जात्याकडे. खिडकी, फळी, दार, गॅसचा ओटा.

"जात्याला तुमची पाठ दिसली?"

"नाही."

"आता तोंड खिडकीकडंच ठेवा. वळायचं नाई. तसाच फेरा मारा."

मी खिडकीकडे तोंड ठेवून आडवी-तिडवी चालले, खेकड्यासारखी. जातं आधी समोर होतं, मग बगलेला आलं, मग पाठीमागं गेलं. मी थांबले. तिनं काही विचारलं नाही. कुकर गॅसवर होता, शिट्टी झाली. आता शिट्टी रोज घरीच असते.

"आता पहिल्यासारखा," ती म्हणाली.

मी पुन्हा जात्याकडे तोंड केलं आणि निघाले. या वेळी भिंतींकडे लक्ष ठेवलं. पुढे ओटा आला, मग खिडकी. मी वळत होते. न वळता जात्याकडे तोंड ठेवताच येत नव्हतं. काहीतरी कळल्यासारखं झालं, आणि पुन्हा निसटलं. तेवढ्यात दार माझ्या पाठीमागून गेलं. त्याच चौकटीला टेकून, डोळे मिटून हे उभे राहत. वळून पाहिलं असतं तर चौकटच दिसली असती, हे मला माहीत होतं. तरी मी जात्यावरून नजर काढली नाही. इतक्या उशिरा त्यांना तोंड दाखवायची लाज वाटली.

"समजलं?" तिनं विचारलं.

माझा हात पदराकडे गेला. टोक सापडलं, बोटाला एक वेढाही बसला. तो मी सोडला.

"नाही," मी म्हणाले. "अजून एक डाव."